मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर बिघडते : दरवर्षी परत येणारी अडचण आणि तिच्यावरचा कायमचा उपाय

ऑगस्ट लागला की पतसंस्थांचे फोन सुरू होतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. त्यामुळे अहवालाची गेल्या वर्षीची फाइल या दिवसांत उघडली जाते. मध्यंतरी संगणक बदललेला असतो, किंवा विंडोज नव्याने टाकलेली असते. मग फोनवर ठरलेलं वाक्य येतं : "दादा, अहवाल उघडला, पण सगळं इंग्रजीत दिसतंय."

पूर्वी मी जायचो, पेनड्राइव्हमधून फॉन्ट टाकायचो आणि दहा मिनिटांत परत यायचो. पुढच्या ऑगस्टला तोच फोन. चौथ्या वर्षी लक्षात आलं की मी दुखणं बरं करत नव्हतो, दरवर्षी तात्पुरती गोळी देत होतो. तेव्हापासून जो क्रम पाळतो, तो इथे लिहितो. पतसंस्था, वकिलांचं कार्यालय, शाळा, ग्रामपंचायत, लहान छापखाना, कुठेही तो लागू पडेल.

आधी नोटपॅड उघडा

फॉन्ट शोधायला धावू नका. बिघडलेल्या फाइलमधली एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण पुढचं सगळं यावर ठरतं.

नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर जुन्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला आहे. (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत.) नीट मराठी दिसलं, तर मजकूर शाबूत आहे. अडचण फॉन्टची, सेटिंगची किंवा त्या सॉफ्टवेअरची आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्याशेजारी चलनाच्या खुणेसारखं चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसली, तर मजकूर युनिकोडच आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला गेलाय. आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर ती फाइल लगेच बंद करा, सेव्ह करू नका. त्या प्रतीतला मजकूर गेलेला असतो. मूळ प्रत शोधावी लागेल.

या चारही दुखण्यांना लोक 'फॉन्टचा प्रॉब्लेम' म्हणतात आणि चारही ठिकाणी फॉन्ट टाकून बघतात. तो चाललाच, तर पहिल्या ठिकाणी चालतो, तोही त्या एका संगणकापुरता.

जुन्या फॉन्टमध्ये नेमकं काय असतं

कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप करताना बोटं ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या कळांवर पडतात. संगणकाच्या दृष्टीने ती पाच इंग्रजी अक्षरंच असतात आणि फाइलमध्ये तीच साठवली जातात. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरी मुखवटा चढवतो : ई च्या जागी म चं चित्र, जे च्या जागी र चं चित्र. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडतो. म्हणून 'सगळं इंग्रजीत दिसतंय' ही तक्रार अक्षरशः खरी असते, फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच.

ज्यांनी हे फॉन्ट बनवले त्यांना दोष देऊ नये. तेव्हाच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा असायच्या आणि देवनागरीची जोडाक्षरं, मात्रा, रफार एवढ्यात बसवायचे म्हणजे कसबाचं काम होतं. त्याच फॉन्टांवर महाराष्ट्रातली पुस्तकं, लग्नपत्रिका आणि दावे-अर्ज वर्षानुवर्षं छापले गेले. मात्र जागांचं वाटप प्रत्येकाने आपापल्या सोयीने केलं. त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही. एकाच घराण्यातल्या दोन आवृत्त्यांतही कधी कधी अक्षरं इकडची तिकडे होतात.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या आहेत आणि प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. म्हणून युनिकोडमधला 'म' फॉन्ट बदलला तरी 'म'च राहतो, मोबाइलवर दिसतो, शोधता येतो. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला तेव्हापासून ही सोय आपल्या टेबलावर आहे.

सभा चार दिवसांवर असेल तर

तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये आणत बसू नका, काम निभावून न्या. वर्डमध्ये फाइल उघडल्यावर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या वाटेने 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन' असं बटण सापडतं. तिथे फाइलला हवा असलेला पण संगणकात नसलेला फॉन्ट नावानिशी दिसतो. तेच नाव, तोच क्रमांक असलेला फॉन्ट जुन्या संगणकातून आणा. 'कृतिदेव आहे ना, कुठलाही चालेल' असं करू नका. परवान्याने घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच विचारा. भलत्या संकेतस्थळांवरून फॉन्टच्या नावाखाली उतरवलेल्या फाइलींतून व्हायरस आलेले मी पाहिले आहेत.

मग वर्डचं ऑटोकरेक्ट बंद करा. हे फार जणांना माहीत नसतं आणि नुकसान मोठं होतं. वर्डला तो मजकूर इंग्रजी वाटतो, म्हणून वाक्याचं पहिलं अक्षर ते कॅपिटल करतं. कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे पूर्ण क आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क. त्यामुळे 'कर्ज' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत पहिला क आपोआप मोडतो. ऑपरेटर दुरुस्त करते, पुन्हा मोडतो. एका संस्थेत याचा ठपका टंकलेखन करणाऱ्या ताईंवर ठेवला गेला होता. त्या बिचाऱ्या प्रत्येक ओळ दोनदा तपासत होत्या आणि चूक त्यांची नव्हतीच.

काम झालं की पीडीएफ करा आणि बाहेर फक्त पीडीएफच पाठवा. वर्डची फाइलच पाठवायची असेल तर ऑप्शन्समधल्या 'सेव्ह' विभागात फॉन्ट फाइलमध्येच बसवण्याची सोय आहे. फॉन्टचा परवाना परवानगी देत असेल तरच ती चालते.

कायमचा उपाय : मजकूर युनिकोडमध्ये आणणं

हे सभा झाल्यावर, ऑक्टोबरच्या निवांतपणात करा.

पहिलं काम मूळ फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याचं. ती प्रत पुढे कधीही पुसायची नाही. रूपांतरात काय हरवलं हे सहा महिन्यांनी कळतं, तेव्हा तीच उपयोगी पडते.

दुसरं, रूपांतरक निवडताना तुमच्या फॉन्टचं नेमकं नाव त्याच्या यादीत आहे का ते बघा. बरीच डीटीपी (संगणकावर छपाईची पानं मांडण्याची) पॅकेजेस स्वतःचा रूपांतरक देतात. त्यांच्या फॉन्टसाठी तोच सर्वांत भरवशाचा. सभासदांची नावं, खाती, कर्जाचे तपशील असलेला मजकूर कुठल्याही अनोळखी संकेतस्थळाच्या चौकटीत पेस्ट करू नका. तो लोकांचा खासगी व्यवहार आहे. अशा फाइलींसाठी संगणकावर बसवलेलाच रूपांतरक वापरा.

तिसरं, इंग्रजी भाग आधी बाजूला काढा. ईमेल पत्ता, पॅन क्रमांक, इंग्रजी संक्षेप हेही रूपांतरकाला जुना मराठी मजकूरच वाटतो आणि तो त्यांचीही मोडकीतोडकी अक्षरं करून टाकतो. वर्डमध्ये फॉन्टच्या नावाने शोधता येतं. त्याचा उपयोग करून फक्त मराठी फॉन्टमधले तुकडेच उचला.

आणि मग तपासणी. इथे घाई करू नका. जुन्या फॉन्टमध्ये ह्रस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट : दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण युनिकोडमध्ये 'र्' आधी येतो. रूपांतरकाला प्रत्येक वेलांटी आणि रफार उचलून दुसरीकडे ठेवावे लागतात, आणि जोडाक्षर आलं की त्याचा पाय घसरतो. 'स्थिती', 'निश्चित', 'कार्यकर्ते', 'सर्वांनी' असे शब्द मी सगळ्यांत आधी बघतो. बेवारस राहिलेली मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. पानं नुसती चाळलीत तरी ती वर्तुळं डोळ्यांत भरतात. शोधाच्या चौकटीत आधी स्पेस आणि मग ह्रस्व वेलांटी टाकून शोधलं तर तुटलेल्या वेलांट्या एकामागोमाग सापडतात.

त्यानंतर ऱ्या-ऱ्हा चे शब्द, क्ष, ज्ञ, श्र, अवतरणचिन्हं. दुःख, निःपक्ष, अंतःकरण यांतला विसर्गही बघा. जुन्या टंकलेखनात तिथे सर्रास इंग्रजी विसाम्याचे दोन ठिपके दिलेले असतात. कागदावर फरक दिसत नाही, शोधताना मात्र शब्द सापडत नाही.

आकडे शेवटी, पण सर्वांत कसून. ताळेबंदातली प्रत्येक बेरीज छापील अहवालाशी ताडून बघा. हे काम एकट्याने करू नये. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने टिक करावी, जुन्या लोकांसारखं. एका अहवालात रूपांतरानंतर टक्केवारीतले दशांशचिन्हाचे टिंब गळाले होते आणि साडेआठ टक्क्यांचे पंच्याऐंशी झाले होते. ते छापायला जाण्याआधी सापडलं, ते केवळ मोठ्याने वाचल्यामुळे.

सगळ्या जुन्या फाइली बदलायची गरज नाही. दरवर्षी उघडल्या जाणाऱ्या, म्हणजे अहवाल, नोटिसा, अर्जांचे नमुने, पोटनियम, एवढ्याच बदला. बाकीच्यांची पीडीएफ करून ठेवली की पुरे. मूळ फाइल हरवली आणि छापील प्रतच उरली असेल, तर ती स्वच्छ स्कॅन करून गूगल ड्राइव्हमध्ये टाका आणि गूगल डॉक्सने उघडा. मराठी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. मुद्रितशोधन मात्र अख्खं करावं लागतं.

युनिकोड आहे, तरी बिघडतं

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या सुमारास अनेक कार्यालयांनी संगणक बदलले. त्यानंतर नवीन तक्रार आली : मजकूर मराठीच दिसतो, पण सत्तावीस पानांचा अहवाल एकोणतीस पानांवर जातो, तक्ते फुटतात.

कारण साधं आहे. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट मूळ विंडोजसोबत बसत नाहीत. ते ऐच्छिक जोडणीत गेलेत. ते नसले की विंडोज निर्मला फॉन्ट दाखवते. त्याची रुंदी आणि ओळींमधलं अंतर वेगळं, म्हणून पानं सरकतात. सेटिंग्जच्या शोधात 'ऑप्शनल फीचर्स' लिहा, तिथे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' निवडून बसवा. इंटरनेट लागतं, पैसे लागत नाहीत.

वर्डमध्ये आणखी एक गोम आहे. वर्ड प्रत्येक मजकुरासाठी दोन फॉन्ट लक्षात ठेवतं, एक इंग्रजीसाठी आणि एक 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी. देवनागरी या दुसऱ्या गटात येते. 'आकार बदलला तरी अक्षर मोठं होत नाही', 'ठळक केलं तरी होत नाही' या तक्रारी बहुधा इथल्या. मजकूर निवडून कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्टची पूर्ण चौकट उघडेल. तिच्यात दोन्ही जागी नाव आणि आकार भरा. कायमचं करायचं तर तेच 'नॉर्मल' स्टाइलमध्ये भरा.

फॉन्ट कुठला ठेवावा? माझं मत : घरात, छापखान्यात आणि लेखापरीक्षकाकडे विनाशुल्क मिळेल असाच. एक टाइपचा मुक्ता कार्यालयीन पत्रांना चांगला दिसतो. 'टायरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट मराठीसाठीच आहे. हिंदी आणि संस्कृतसाठी त्याची वेगळी भावंडं आहेत. लांब मजकुराला तो सुंदर वाटतो. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदी वळणांपेक्षा वेगळी आहेत आणि आपल्या संस्थेच्या कागदावर ती मराठीच असावीत, असं मला मनापासून वाटतं.

डीटीपीवाल्यांसाठी एवढंच : इनडिझाइनमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल आणि पाय मोडलेली जोडाक्षरं दिसत असतील, तर परिच्छेदाच्या पर्यायांत 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर निवडा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिच्यात युनिकोड देवनागरी चालणार नाही. छापखाना अजून तिच्यावर असेल तर भांडू नका. मूळ मजकूर तुमच्याकडे युनिकोडमध्ये ठेवा आणि छपाईपुरता उलटा रूपांतरित करून द्या.

एक्सेल आणि सभासद यादी

बँकिंग सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून उघडली की ती तिरक्या रेघेच्या ए ची रांग दिसते. फाइल चांगली असते. एक्सेल रिकामं उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, युनिकोड यूटीएफ-८ निवडा. नावं जागेवर येतील.

परत साठवताना मात्र जपा. साधं 'सीएसव्ही' निवडलंत तर प्रत्येक मराठी अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं आणि ते परत येत नाही. यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो, तोच घ्या.

आता एक असं दुखणं, जे डोळ्यांना दिसतच नाही. एका संस्थेच्या गावनिहाय तक्त्यात कऱ्हाड दोनदा येत होतं, दोन वेगळ्या बेरजांसह. दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. सेलची लांबी मोजणारं 'लेन' हे सूत्र लावलं, तर एकीकडे सहा आणि दुसरीकडे सात. ऱ्हा दोन प्रकारे टाइप होतो : मुळातलं ऱ हे अक्षर, त्याला हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि मग ह, किंवा साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर एकच, संगणकाला दोन वेगळी गावं. यादीत नाव शोधणारं व्हीलूकअप सूत्र चालत नाही, नाव असूनही 'सापडलं नाही' येतं, तेव्हा आधी हेच तपासा. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बोऱ्हाडे अशी आडनावं यात हमखास अडकतात.

ॲ चं तसंच. तो युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन किंवा हिंदीतला ऍ वापरून भागवत. त्यामुळे वकिलांच्या यादीत 'ॲड.' तीन-चार प्रकारे लिहिलेलं आढळतं आणि क्रमवारी लावली की एकाच जिल्ह्यातले वकील चार ठिकाणी विखुरतात.

उपाय : 'सबस्टिट्यूट' सूत्राने र, हलन्त आणि 'युनिचार' ८२०५ हा तुकडा शोधून त्याजागी ऱ आणि हलन्त घाला. सूत्रात आकडे इंग्रजी कळांनीच द्या. ८२०५ हा त्या अदृश्य चिन्हाचा क्रमांक आहे. एकदा यादी स्वच्छ झाली की पुढची टंकलेखनं एकाच पद्धतीने व्हावीत असं ठरवा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबल्यावर ऱ येतो, त्यानंतर डी ने हलन्त. हे दोन कळांचं वळण एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा.

बोटांची सवय

हे सगळं करूनही संस्था वर्षभरात जुन्या फॉन्टवर परत गेलेली मी पाहिली आहे, आणि कारण दरवेळी एकच : टंकलेखन करणाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. वीस वर्षं टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर न बघता टाइप करणाऱ्या माणसाला 'उद्यापासून इनस्क्रिप्ट' असं सांगणं म्हणजे त्याचं कसब एका दिवसात काढून घेणं आहे. युनिकोड म्हणजे इनस्क्रिप्ट नव्हे. रेमिंग्टन मांडणीतून युनिकोड उमटवणारी साधनं मिळतात. ती बसवून द्या, हात तेच राहतील. नव्याने शिकणाऱ्यांना इनस्क्रिप्ट शिकवा. अधूनमधून दोन ओळी लिहिणाऱ्या व्यवस्थापकांना विंडोजमधला 'मराठी फोनेटिक' कळफलक पुरतो. भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून तो घेता येतो आणि विंडोज कळ अधिक स्पेसने आलटूनपालटून वापरता येतो.

दर ऑगस्टला फोन करणाऱ्या त्या पतसंस्थांपैकी एकीत आम्ही अहवाल, सभेची नोटीस, पोटनियम आणि कर्जअर्जाचे अकरा नमुने एवढंच बदललं. तीन शनिवार लागले. ऑटोकरेक्टने छळलेल्या ताई तिथल्याच. रेमिंग्टनवरच टाइप करतात, पण आता फाइलमध्ये मराठी साठतं. यंदा नोटीस त्यांनी सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर चित्र म्हणून नाही, मजकूर म्हणून टाकली. एका वयस्क सभासदांनी ती मोबाइलकडून मोठ्याने वाचून घेतली आणि सभेला आल्यावर ताईंना तसं आवर्जून सांगितलं.